धान धानासंग, तांदूळ तांदळासंग

चैतरामजी कटरे रोज सकाळी आठ वाजता साठ टनांच्या धर्मकाट्यावर एकटेच उभे राहून स्वतःचं वजन करत. आमगावच्या रेल्वे फाटकापलीकडे, राइस मिलच्या रस्त्याला तो काटा होता, आणि त्यावर गाड्या तोलणं हे त्यांचं काम. जमिनीत बसवलेल्या त्या लोखंडी पाटावर धानानं लादलेले ट्रक चढायचे, आणि त्याच पाटावर हा वाळका माणूस चपला काढून, खिशातली चुन्याची डबीसुद्धा बाजूला ठेवून, मधोमध ताठ उभा राहायचा आणि मान वर करून लाल आकडे वाचायचा. त्या काट्याला दहा किलोच्या खालचं काही कळत नसे. त्यामुळे चैतरामजींचं वजन कधी साठ यायचं, कधी सत्तर.

मी एकदा विचारलं, ‘मग तुमचं खरं वजन किती?’

‘माहं वजन कोणाले पाहिजे, बाई? काटा शून्यावरून हालते का नाही, इतकंच पाहून राहिलो.’

मी आमगावात टायपिंगचे वर्ग चालवायची. पुढे टायपिंगची मशिनं भंगारात गेली, त्यांच्या जागी आठ कॉम्प्युटर आले आणि पाटीवर ‘सायबर कॅफे’ अशी एक ओळ वाढली. दिवसभर निकाल, फॉर्म, सातबारा. संध्याकाळी सहा ते आठ बंदुकीचे गेम. त्या ठो ठो आवाजानं माझं डोकं उठायचं, पण दुकान चालत होतं ते त्या दोन तासांवर, म्हणून मी कानात कापूस घालून बसायची. तिथेच चैतरामजी पहिल्यांदा आले, काट्याच्या तपासणीचा अर्ज टाइप करून घ्यायला. वयानं माझ्याहून मोठे, पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला. मी रीतीप्रमाणे चहा मागवला. कप समोर आल्यावर त्यांनी तो बोटभर मागे सरकवला आणि विचारलं, ‘तुमच्या घरी धान आहे का?’

मला वाटलं, दलाल आहेत. मी म्हटलं, नवरा रेल्वेत आहे, आम्हाला शेत नाही, तांदूळ आम्ही दुकानातून आणतो.

‘मंग चालते,’ ते म्हणाले आणि चहा प्यायले.

त्यांचा नियम होता. ज्याचा माल कधीकाळी आपल्या काट्यावर येऊ शकतो, त्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. नियम चांगला होता, फक्त तो गोंदिया जिल्ह्यात पाळायचा होता. इथे धान कोणाच्या घरी नाही? मास्तरांकडे आहे, डॉक्टरांकडे आहे, पुजाऱ्याकडे आहे. त्यामुळे चैतरामजी कोणाच्या लग्नाला जात नसत, बारशाला जात नसत, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तिथेही दिसत नसत. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. एकदा स्थळ आलं होतं, पण मुलीच्या वडिलांची सहा एकर निघाली.

सख्खी बहीण गोरेगावला दिलेली. भावजींचंही धानच. आता भाऊबीज येते ती नेमकी धान निघायच्या दिवसांत, म्हणून ही बहीण भावाला होळी उरकल्यावर ओवाळायची. ‘दिवा तोच, ताट तेच, फरक काय पडते?’ असं ते मला पटवून देत होते. मी विचारलं, ‘बहिणीला काय वाटतं?’ त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘रडते.’

एवढं करून त्यांच्यावर खूश कोण होतं? शेतकरी म्हणायचे, हा मिलवाल्यांचा माणूस. मिलवाले म्हणायचे, शेतकऱ्यांचा. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, कारण क्लीनरसकट सगळ्यांना खाली उतरवून उन्हात उभं केल्याशिवाय ते गाडी तोलत नसत. चैतरामजींना त्याचं समाधानच होतं. तिघेही नाराज आहेत म्हणजे काटा बरोबर आहे, असा त्यांचा हिशेब.

आता गेमबद्दल थोडं सांगावं लागेल, आणि मला थोडंच कळतं. पडद्यावर एकमेकांना गोळ्या घालायच्या. इंटरनेटवरून कुठकुठले लोक एका खोलीत जमतात, दोन बाजू पडतात आणि मारामारी सुरू होते. काही जण माऊस धरून नेम साधतात. काही जण कंट्रोलरवर खेळतात, म्हणजे दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्यांनी चालवायचा तो खटका. माझ्याकडे नितेश माऊसवाला आणि गोलू कंट्रोलरवाला, दोघेही कॉलेज संपवून नोकरीची वाट बघणारे. यांचं रोज भांडण. कारण कंट्रोलरवाल्याला गेम स्वतःच मदत करतो. नेम शत्रूच्या जवळ आला की तो जरा थबकतो, शत्रूला चिकटतो. नितेश म्हणायचा, ही बेईमानी आहे, मशीन याचा हात धरून चालवते. गोलू म्हणायचा, तुझ्याकडे मनगट आहे, अख्खा टेबल आहे, माझ्याकडे एक अंगठा आहे, तू अंगठ्यानं नेम धरून दाखव.

एका संध्याकाळी प्रकरण कॉलरपर्यंत गेलं. मी पट्टी घेऊन उठणार, तेवढ्यात प्रिंट घ्यायला आलेले चैतरामजी मधे उभे राहिले.

‘भांडून कायले राहिले? तोलून घ्या ना.’

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सहाला हजर. ट्रक तोलायची रीत अशी की आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली, आणि वजाबाकी म्हणजे माल. तीच रीत त्यांनी इथे लावली. ‘आधी खाली, मंग भरली.’ गेममधल्या सरावाच्या खोलीत लाकडी पुतळे असत. प्रत्येकानं आधी परक्या हत्यारानं दहा मिनिटं पुतळे पाडायचे, ही खाली गाडी. मग आपल्या हत्यारानं, ही भरली. वजाबाकी म्हणजे हत्याराचं वजन. पोरं आधी हसली, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून निमूट बसली. मागे उभं राहून कोणी ‘डावीकडे बघ, डावीकडे’ असं कुजबुजलं की चैतरामजी मान न वळवता म्हणायचे, ‘काट्यावरून उतर.’ तो बिचारा दोन पावलं मागे जायचा. पुढे पुढे मी बिल करताना नवरा शेजारून आकडे सांगायला लागला, तर मीही त्याला तेच सांगायला लागले.

पहिला तोडगा त्यांनी काढला तो कटीचा. धान ओलं असलं की व्यापारी क्विंटलमागे काही किलो कट लावतो. तशी कंट्रोलरवाल्याच्या खात्यातून दर खेळीला दोन मुडदे कमी करायचे, ओलाव्याचे म्हणून. आठवडाभर हे चाललं. मग गोलूनं तक्रार केली की लांबच्या मारामारीत माऊसवालाच भारी पडतो, तेव्हा त्याला कट का नाही? चैतरामजींनी पुन्हा तोललं, आणि गोलूचं म्हणणं बरोबर निघालं. जवळून कंट्रोलर भारी, लांबून माऊस भारी. कटीचा दर दर पावलाला बदलायला लागला. शेवटी एके दिवशी त्यांनी वही मिटली आणि निकाल दिला.

‘दोघंही खरे आहेत. कोणी चोर नाही. पण धान धानासंग तोला, तांदूळ तांदळासंग. एका ढिगात टाकाल तं भांडणच होईल.’

म्हणजे कंट्रोलरवाल्यांची खोली वेगळी, माऊसवाल्यांची वेगळी. पण ते गेम बनवणाऱ्या कंपनीच्या हातात होतं, आमगावच्या नाही. त्यामुळे निकाल लागला आणि खेळ पूर्वीसारखाच चालू राहिला.

मला वाटलं, आता हे यायचे थांबतील. उलट ते स्वतःच खेळायला बसले. ‘तोलणाऱ्यानं एक डाव गाडीत बसून पाहावं,’ असं कारण दिलं. कंट्रोलर घेतला. मी म्हटलं, नवशिक्याला तेच सोपं असेल. खेळत मात्र अत्यंत वाईट, आणि त्याचं एक कारण त्यांचा प्रामाणिकपणा. खोलीत शिरल्या शिरल्या ते जागच्या जागी उभे राहून माईकमध्ये जाहीर करायचे, ‘मैं कंट्रोलर पे हूँ. मशीन मेरी मदद करती है. किसी को आपत्ति हो तो अभी बोलिए.’ आणि आपत्तीची वाट बघत थांबायचे. तेवढ्यात कोणीतरी त्यांना गोळी घालायचं. निरनिराळ्या भाषांमधल्या शिव्या त्यांनी महिनाभर शांतपणे ऐकल्या. मला विचारायचे, ‘हे कोणती बोली होये, बाई?’

मग एके दिवशी त्या गोंगाटातून कोणीतरी उत्तर दिलं, ‘आपत्ति नहीं है दादा. आप पहले दीवार के पीछे आइए.’

हे बोराबाबू. आसामात कुठल्याशा चहाच्या मळ्यावर कारकून, माऊसवर खेळणारे, चैतरामजींच्याच वयाचे. बायको वारलेली, मुलगा दूर. मळ्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर संध्याकाळी काम संपलं की बसायचे. दोघांनी एका बाजूनं खेळायचं ठरवलं. बोराबाबू पुढे, चैतरामजी मागे, आणि गोळ्यांच्या पावसात गप्पा काय, तर ‘रोपा लग गया?’ ‘लग गया दादा, पानी बहुत है.’ ‘कीड?’ ‘थोड़ा है. दादा, बाएँ देखिए, बाएँ.’ पोरं हसून लोळायची. चैतरामजींना फिकीर नव्हती. एकदा निघताना त्यांनी मला अगदी गुपित सांगावं तसं सांगितलं, ‘बाई, आसामचं धान माह्या काट्यावर कधीच येणार नाही.’

इतक्या वर्षांत धानाबद्दल कोणाशी तरी मोकळेपणानं बोलता येत होतं त्यांना. धानात जन्म गेला, आणि ते कसं आलंय एवढंसुद्धा कोणाला विचारायची चोरी. मला तेव्हा त्यांची दया आली, आणि रागही आला. असला कसला नियम, की माणसाला बोलायला हजार मैलांवरचा माणूस लागावा.

साधारण वर्षभर हे चाललं. बोराबाबूंना बरं नव्हतं तेव्हा चैतरामजी चार दिवस नुसतेच येऊन बसले, खेळले नाहीत. पंचमीला, पोळ्याला, कधीही सहा वाजता तीच खुर्ची. मी ती त्यांच्यासाठी राखून ठेवायला लागले होते.

आणि मग एके दुपारी ते हातात चार पानं घेऊन आले. कंपनीला पत्र. विषय, कंट्रोलर व माऊस यांचे खेळाडू वेगवेगळ्या खोल्यांत बसविणेबाबत. खाली सगळी मोजमापं, पुतळ्यांचे आकडे, जवळचे, लांबचे. ‘हे इंग्रजीत करून द्या.’

‘आता कशाला?’ मी म्हटलं. ‘कोणी मागितलंय का?’

‘तोललं म्हणजे पावती द्याव लागते, बाई.’

मी इंग्रजीत केलं. त्यांनी त्यावर धर्मकाट्याचा शिक्का मारला, तो मी स्कॅन केला आणि पाठवून दिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ असं उत्तर कॉम्प्युटर सगळ्यांनाच पाठवतो, पण मी ते सांगितलं नाही. त्यांनी मला ते वाक्य मराठीत तीनदा सांगायला लावलं आणि त्याची प्रिंट घडी करून खिशात ठेवली. बोराबाबूंना त्यांनी पत्राबद्दल काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात ते खेळायला जरा लवकर यायचे आणि उठायला उशीर करायचे. मी त्याचा अर्थ लावला नाही. माझ्याकडे तेव्हा परीक्षांचे फॉर्म होते आणि रांग फाटकापर्यंत होती.

पुढच्या वर्षी धान निघायच्या सुमारास गेम नवीन झाला आणि त्यात दोन खोल्या वेगळ्या झाल्या. कंट्रोलरवाले इकडे, माऊसवाले तिकडे, एकमेकांकडे जायला दार नाही. जगभरचे खेळाडू कधीपासून त्यासाठी ओरडत होते म्हणे. पण आमच्या पोरांनी ठरवून टाकलं की हे आमगावच्या पत्रानं झालं. गोलूनं समोसे आणले. गोलूच्या घरी बारा एकर धान, त्यामुळे चैतरामजींनी समोशाला हात लावला नाही, नुसते हसले. मग खुर्चीवर बसले, कानाला हेडफोन लावला, खोलीत शिरले आणि सवयीनं म्हणाले, ‘मैं कंट्रोलर पे हूँ.’

‘तो? सब कंट्रोलर पे हैं,’ कोणीतरी म्हणालं.

ते सगळ्या नावांवरून एकेक करून नजर फिरवत होते. बोराबाबू तिथे असणं शक्यच नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी त्यांनी यादी दोनदा वाचली.

तीन दिवस हे पाहिलं आणि मला राहवलं नाही. बोराबाबूंना ऑफिसच्या कॉम्प्युटरला माऊसशिवाय दुसरं काही जोडायची मुभा नव्हती. म्हणून दुकान रिकामं असताना मी चैतरामजींसमोर माऊस ठेवला. ‘तुम्ही शिका. चार वर्षांत पोरं इंजिनिअर होतात, तुम्हाला माऊस येणार नाही का?’

‘राहू द्या, बाई.’

‘धरा तर खरं.’ माझा आवाज वर्गातल्यासारखा लागला असणार, कारण त्यांनी मुकाट्यानं उजवा हात माऊसवर ठेवला. पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. त्यांनी हात दाबून धरला, तेव्हा तो जास्तच थरथरला. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. दोन वर्षं ते माझ्या दुकानात बसत होते आणि तो हात मी कंट्रोलरला घट्ट धरलेला किंवा खिशातच पाहिला होता.

गेमची ती मदत, तो नेम थबकतो ते, कोणासाठी होती ते मला तेव्हा कळलं. आणि मग दुसरी गोष्ट कळली.

‘पत्र लिहिताना तुम्हाला माहीत होतं,’ मी म्हटलं. ‘खोल्या वेगळ्या झाल्या की तुम्ही इकडे आणि ते तिकडे.’

‘मालूम होतं ना.’

‘मग काऊन लिहिलं?’ माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

‘जितकं भरलं तितकंच सांगाव लागते, बाई. माह्यासाठी कमी कसं सांगू?’

गोंदियात एक लहानशी डबी मिळते, असं नितेशनं सांगितलं होतं. ती जोडली की गेमला कंट्रोलर हा माऊस वाटतो. मी ती त्यांच्या कॉम्प्युटरला लावायची गोष्ट काढली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. मला चिडच आली. म्हटलं, ‘अहो, मग फोन तरी करा. नंबर दिलाय ना त्यांनी?’

‘फोनवर काय बोलू? काम नसताना मी कोणाले कधी फोन नाही केला.’ मग म्हणाले, ‘पण एक सांगाचं राहिलं आहे त्यायले. पत्राचं.’

मी माझ्या मोबाईलवरून नंबर लावून दिला. ते उभे राहून बोलले. पलीकडचा आवाज फोनबाहेर मला ऐकू येत होता.

‘बोराबाबू, कटरे बोल रहा हूँ, आमगाव से. वो खोली अलग करने की चिट्ठी, वो मैंने भेजी थी.’

बोराबाबू म्हणाले, ‘मुझे लगा ही था दादा. और कौन लिखेगा. बात तो सही है. पर शाम को अच्छा नहीं लगता.’

‘हाँ,’ चैतरामजी म्हणाले. ‘धान कट गया?’

‘कट गया. आपका?’

‘हमारे यहाँ भी.’

मग बोराबाबूंनी विचारलं, ‘दादा, कल मैं फोन करूँ?’

‘क्यों? काम क्या है?’

‘काम तो कुछ नहीं है.’

‘अच्छा. तो रखता हूँ.’

फोन त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. बाहेर मालगाडीसाठी फाटक पडलं होतं, गाड्यांचे हॉर्न वाजत होते. गाडी निघून गेली, फाटक उघडलं, तरी ते तसेच बसून होते.

‘बाई, तो फोन करतो म्हणत होता. मी त्याले काम विचारलं.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘चुकलं का?’

‘चुकलं,’ मी म्हटलं. या माणसाला खोटं सांगून चाललं नसतं.

तोच नंबर मी पुन्हा लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजायला लागली.

‘आता काय सांगू?’ त्यांनी घाईघाईनं विचारलं.

‘सांगा, काही काम नाही.’